एक आस कमी

दोनशे शेहेचाळीस आत.
दोनशे पंचेचाळीस बाहेर.
रात्री एक चाळीसला कोळशाची गाडी
कासावलीहून माजोर्ड्याला आली, पुढे गेलीसुद्धा,
तरी पॅनेलवर तिच्यामागचा रूळ लाल,
लालच.

आस म्हणजे ती, जिच्याभोवती चाक फिरतं.
दुसरी आस आमच्या खात्यात येत नाही.
रुळाला चिकटून बसलेली दोन डोकी,
एक येताना मोजतं, एक जाताना,
हिशेब जुळला की मधली वाट मोकळी.
एक जरी कमी भरली
तर यंत्र म्हणतं, कुणीतरी अजून आत आहे.

स्टेशन मास्तर बोरकर जांभई देत म्हणाले,
अहो फळदेसाई बाई, एका आसाचा डबा
जगात कुठे असतो का?
नसतो.
मालगाडीत आस कायम सम.
पण यंत्राला तर्क शिकवलेला नाही, भीती शिकवलीय.
माहीत नसेल तर थांब:
आमची सगळी विद्या या चार शब्दांची,
बाकीच्या नुसत्या वायरी.

मग मी बॅटरी घेतली, वॉकी-टॉकी घेतला
आणि निघाले
नसलेली गोष्ट नाही हे बघायला.

स्लीपर माझ्या पावलांच्या मापाचे नाहीत,
एकावर एक टाकलं तर आखूड, दोनांवर टाकलं तर लांब.
डाव्या हाताला शेत, काजूच्या मोहोराचा आंबूस वास,
दाबोळीला उतरणारं विमान
पोटाखालचा दिवा लावून माझ्यावरून गेलं.
त्याला कुणी मोजलं असेल.

इनास कुलासोचं घर रुळाला लागून.
अडतीस वर्षं केबिनमध्ये खटके ओढले त्यानं,
प्रत्येक गाडीचा शेवटचा दिवा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय
मागचा खटका सोडला नाही.
आता केबिनच नाही. बल्कांवात बसतो
आणि झोप लागत नाही म्हणून
शेवटचे दिवे बघतो.
नाताळचा तारा अजून उतरवलेला नाही, पांढरा.
आधी लाल होता. मीच सांगितलं होतं बदलायला,
इंजिनवाले ब्रेक मारतील म्हणून.

"गेली गो बाये," तो अंधारातून म्हणाला,
"पुराय गेली. फाटली वात हांवें पळयली."
मला खरं वाटलं.
त्याच्यावर माझा यंत्रापेक्षा जास्त विश्वास आहे,
पण त्याच्या डोळ्यांना रजिस्टरमध्ये रकाना नाही.
म्हटलं, इनासबाब, जाऊन येते.
"वच," तो म्हणाला. राग नव्हता.
त्यानेही हेच केलं असतं.
त्याच्या दारातून तीन जण बाहेर गेले,
दोन स्विंडनला, एक बोटीवर.
तो काही बोलला नाही, मीही नाही.

पुढच्या वर्षी रुळांमध्ये टॅग बसतील,
इंजिन ते वाचत वाचत धावेल,
चालकाचा डोळा लागला तरी ब्रेक आपोआप लागेल.
चांगलंच आहे. मीच बसवणार आहे ते.
फक्त रिकामी वाट रिकामी आहे
हे सांगायला अजून
कुणालातरी तिच्यातून चालत जावं लागतं.

कासावलीच्या डोक्यापाशी गुडघ्यावर बसले.
खोक्याचं झाकण सैल, आत मुंग्या,
कदाचित मुंग्या, कदाचित कंप,
कदाचित कुणा गँगमनचं फावडं रुळाला लागलं असेल.
झाकण घट्ट केलं. कळवलं: रिकामं.
बोरकरांनी किल्ली फिरवली.
शून्य.

परत येताना उजाडलं होतं,
फाटकावर पोदेराचा भोंगा,
इनास बल्कांवात बसल्या बसल्या झोपलेला, तोंड उघडं.
त्याच्या पायरीवर चार उंडे ठेवले
आणि स्टेशनात येऊन रजिस्टर भरलं.

बिघाड: एक आस कमी.
कारण: या रकान्यात काय लिहायचं ते मला सुचलं होतं,
पण मी लिहिलं,
अज्ञात.